ढालीच्या मागे कोण

प्रिय विन्या,

अजित सांगत होता, तू हल्ली आपल्या त्या व्हिडिओ गेममध्ये ढाल घेऊन खेळतोस. मला आधी खरंच वाटलं नाही. दोन्ही हातांत तलवारी घेऊन दार उघडल्या उघडल्या आत घुसणारा आणि मी मागून पोचेपर्यंत आडवा होऊन ‘ताई, उठव ना’ म्हणून ओरडणारा माझा भाऊ ढाल घेतो, आणि तीही सगळ्यांत जड, लोखंडी, जी घेतली की पळतासुद्धा येत नाही ती! पण अजित खोटं बोलणाऱ्यातला नाही. म्हसळ्याला घरी आला होता, तिथून मुद्दाम वाकडी वाट करून आपल्याकडे आला, आईच्या हातचं कालवण जेवला आणि निघताना मला ओट्यावर एकटीला गाठून म्हणाला की, एका खोलीत राहतो म्हणून बघवत नाही. कामावरून आलास की हातपाय न धुता खेळायला बसतोस. एकटाच त्या किल्ल्यात शिरतोस, कोपऱ्याला पाठ लावून ढाल वर धरतोस आणि तशीच धरून धरून मरतोस. मग पुन्हा पहिल्यापासून. त्या बिचाऱ्याला वाटतं, तुला खेळता येत नाही. तुझा नवा नंबर त्याने दिला नाही, तू त्याला शपथ घातली आहेस म्हणे. शपथा तुला भारी सापडतात. पत्र मात्र नेऊन देतो म्हणाला, गुरुवारी उलव्याला परततोय. तेव्हा नीट बसून वाच आणि अर्ध्यावर खिशात कोंबू नकोस, मी तुला ओळखून आहे.

आधी ढालीचं बोलू, कारण ढाल माझी आहे. पावसाळी बंदीत होड्या वर ओढल्या, त्यांच्यावर ताडपत्र्या चढल्या की आपल्या कोळीवाड्यातले पुरुष जाळी शिवत बसायचे आणि आपण टीव्हीसमोर. पुढे मी, माझ्या मागे तू, आणि त्याच्याही मागे धनुष्य घेऊन सुजित, जो आपल्या घरी इतका पडलेला असायचा की आई त्याची भाकरी न विचारता थापायची. बाबा मागे जाळ्याची सुई घेऊन बसलेले आणि नाक मुरडत असलेले. पण मला पहिल्यांदा ढाल जमेना, तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं. मी तिरकी उभी राहून मार खात होते आणि ते मागून म्हणाले, नाळ लाटेकडे कर. होडीचं टोक लाटेला दिलं की लाट फुटते, बाजू दिली की होडी उलटते. खेळातही नेमकं तसंच निघालं. ढाल फक्त समोरचा वार अडवते. बाजूने आलेल्याला आणि मागून आलेल्याला ती दिसतच नाही. तू तिघांच्या मध्ये उभा राहून ढाल कितीही वर धरलीस तरी दोघं तुला फाडणारच. म्हणून कोपरा पकडतोस ते मला कळलं. तेवढी अक्कल तुला आहे.

चूक पुढे आहे. ढाल वर असताना अंगातला दम भरत नाही. ती हिरवी पट्टी तू बघतच नाहीस. प्रत्येक वार ढालीवर घेतला की तिच्यातला थोडा हिरवा जातो, जड गदेचा असला की जास्त जातो, आणि ढाल खाली केली तरच तो परत येतो. तू खाली करतच नाहीस. तुला वाटतं, वर आहे तोवर आपण सुखरूप. मग पट्टी कोरडी पडते, कुणीतरी किरकोळ पहारेकरी येऊन टपली मारावी तसा फटका मारतो आणि ढाल उडते, तू झोकांडतोस, आणि त्यानंतरचा घाव दुप्पट लागतो. वार दिसला की वर, वार गेला की खाली, एक श्वास घ्यायचा, पुन्हा वर. वार पडतो त्याच क्षणाला उचलली तर दमही जात नाही, उलट मारणाराच मागे फेकला जातो. पण ते मला अजून क्वचितच साधतं, तुला एवढ्यात नको. आणि काही वार ढालीवर घ्यायचेच नसतात. हत्यार लाल झालं की बाजूला सरायचं, तिथे ऐट दाखवायची नाही.

आता सगळ्यांत मोठं. ढालवाला एकटा आत जात नाही. तू एकटा का जातोस? मी ढाल जमिनीवर आपटायचे, आठवतं? आपटली की आतले सगळे राक्षस तुम्हाला सोडून माझ्याकडे धावायचे. ढालवाल्याचं काम तेवढंच. तो कुणाला मारत नाही, मारू शकतही नाही. तो नुसता वेळ काढून देतो, की मागच्याला जे करायचं ते करता यावं. मागे कुणी नसेल तर तो वेळ कुणाच्याच कामाचा नाही. माणूस नुसता हळूहळू मरतो.

तू म्हणशील, ताई खेळाचं सांगता सांगता कुठे नेणार ते मला कळलंय. कळलं असेल तर बरंच झालं. त्या संध्याकाळचं मी लिहिते, कारण मी होडीवर नव्हते, आणि जे होते त्यांच्यातलं कुणी बोलत नाही. नारळी पौर्णिमा होऊन समुद्र नुकता मोकळा झाला होता. तिन्हीसांजेला तुम्ही जाळं ओढत होतात, आपले खलाशी दयारामकाका कठड्यावर वाकलेले, बाबा सुकाणूला, तू मागच्या बाजूला. तुळशीरामची मोठी बोट पूर्ण वेगात आली आणि आपल्या होडीच्या कुशीत घुसली. दयारामकाका दोन्हींच्या मध्ये गेले. ते दुसऱ्या दिवशी सापडले. बाबांच्या बरगड्या मोडल्या, डोलकाठी मोडून पाण्यात गेली आणि तिच्यावरचा दिवा तिच्याबरोबर. तुळशीराम वाड्याचा प्रमुख, आणि सुजितचा बाप. त्याने सगळ्यांच्या आधी सांगून टाकलं की शिवदासच्या होडीवर दिवाच नव्हता, आणि आमच्या बोटीवर सुकाणूला परगावचा खलाशी होता. तो खलाशी कुठल्या गावचा ते आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. तू ओला घरी आलास. फोन वाजत होता, त्यावर सुजितचं नाव होतं, आणि तू फोन उचलून पाण्याच्या हंड्यात टाकलास. मला तेवढं पुरलं.

आणि मग तो नारळ. तो कशासाठी उचलतात हे वाड्यात जन्मलेल्या प्रत्येकाला माहीत असतं, तरी उचलताना कुणालाच आठवत नाही. ज्या घराचं नुकसान झालं त्या घरचा नारळ लाल फडक्यात बांधून देवीपुढे ठेवायचा, आणि समोरच्या घरच्यांनी तो उचलून म्हणायचं, पंच सांगतील ते मान्य, आणि वाड्यातलं वाड्याबाहेर बोलणार नाही. आधी उचलायचा, निकाल मग, आणि शब्द बांधला गेला म्हणून नारळ देवळाच्या आढ्याला टांगायचा. जुनी माणसं हुशार, ती निकालाचा अंदाज घ्यायला पंचांच्या घरांवरून आधी एक चक्कर मारून येतात. बाबा दवाखान्यात पडलेले, घरात पुरुष म्हणून तू. तुला वाटलं, दोन्ही बोटींचा दोष ठरेल, दयारामकाकांच्या मागे सगुणाकाकीचं काहीतरी बघतील आणि मिटेल. म्हणून तू डोळे मिटून उचललास. पंचांनी सांगितलं, दिवा नव्हता, दोष शिवदासचा. तेव्हा तुझ्या तोंडाला कुलूप लावून झालं होतं. माणूस मेला होता म्हणून पोलीस आले, तर तू सांगितलंस, मी इंजिनाकडे बघत होतो, मला काही दिसलं नाही. आणि पंधरवड्याच्या आत उलवं गाठलंस. आता केस अलिबागला उभी आहे, निष्काळजीपणाने जीव घेतल्याची, आणि आरोपी म्हणून बाबांचं नाव आहे. शिक्षा लागली तर या वयात ते तुरुंगात जातील. हे तुला माहीत आहे.

तू गेल्यापासून मी ढाल आपटत बसले आहे. कुणीही आलं की मी पुढे. विनेशला काही माहीत नाही, त्याला विचारू नका, काय ते माझ्याशी बोला. मग सगळे माझ्याशीच बोलू लागले! आईची बाजारातली जागा तीच आहे, पण दोन्ही बाजूंच्या बायका सरकून बसतात, आणि आई मधल्या मोकळ्या जागेत एकटी ओरडून मासे विकते. आपली पाळी आली की बर्फ नेमका संपलेला असतो. मी लॉजवर काम करते तिथे मालक भला माणूस, पण त्यालाही कुणीतरी सांगून गेलं, की पोरीला समजवा. त्याने मला समजावलं नाही, चहा दिला, आणि चहा देताना माझ्याकडे बघितलं नाही. होडी दुरुस्त करून घेतली तरी ढकलायला माणसं येत नाहीत. बाबा रोज सकाळी तिच्याजवळ जाऊन उभे राहतात, तिच्या अंगावरून हात फिरवतात आणि परत येतात. मला त्या हात फिरवण्याचा राग येतो. ओरडावं, काहीतरी फोडावं, असं मला त्यांच्याबद्दल वाटतं, आणि ते नुसते परत येऊन पाटावर बसतात.

तुळशीराम स्वतः येतो तेव्हा फार गोड बोलतो. कधी सुरमई घेऊन येतो, कधी शहाळी. शिवदासने कबूल करून टाकावं, म्हातारा माणूस म्हणून कमी शिक्षा लागेल, घर आम्ही बघू, विनेशला माझ्याच बोटीवर घेतो. मी म्हणायचे, बाबांना विचारून सांगते. बाबांना विचारायचंच नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. असा मी हिवाळाभर वेळ काढला. मागच्या आठवड्यात मात्र त्याने शहाळं खाली ठेवता ठेवता सहज म्हटल्यासारखं म्हटलं, “विनेश उलव्याला हाय नव्हं? थय आपले पावने हायत. जाऊन येतील येकदा.” मी हसले. हसले रे, दात दाखवून हसले. तो वार लाल झालेला होता आणि मी तो ढालीवर घेतला. त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. अजितला म्हणूनच विचारलं, दाराला कडी नीट लागते का. त्याला वाटलं असेल, ताई काहीही विचारते.

सुजितही आला होता. त्याच्याबद्दल लिहू की नको, असं झालं होतं. लॉजच्या काउंटरपाशी आला, जणू खोली हवी आहे. इतका वाळलाय की त्याच्या शर्टाला तो पुरत नाही. तुझी चौकशी केली. मी म्हटलं, बरा आहे. मग म्हणाला, अजून खेळतो का तो. मी म्हटलं, हो. एवढ्यावर त्याचे डोळे भरून आले आणि तो वळून निघून गेला. मला त्याची दया आली, हे तुला सांगायला मला लाज वाटत नाही. पण दया आली म्हणून मी विसरले नाही की त्या बोटीच्या सुकाणूला तो होता. फोन बघत होता की काय करत होता, ते तू बघितलंस, मी नाही. त्याला रडू येतं, आणि तरी तो बापाच्या पाठीमागे उभा राहून बाबांना तुरुंगात जाताना बघणार आहे. दोन्ही खरं आहे.

अजितची बहीण रश्मी बाबांची केस लढते आहे, हे तुला त्याने सांगितलं नसेल तर मी सांगते. दर तारखेला म्हसळ्याहून एसटीने अलिबागला येते, डबा आमच्यासाठी जास्तीचा आणते आणि बाबांना बाबाच म्हणते. ती मला म्हणाली की, आपण नुसते त्यांचे आरोप अडवतोय. दिवा नव्हता म्हणतात, आपण म्हणतो होता. परगावचा खलाशी होता म्हणतात, आपण म्हणतो नव्हता. अडवून अडवून कुणी केस जिंकत नाही. बघितलेला माणूस पाहिजे. मी मागच्याला वेळ मिळावा म्हणून झेलत होते, आणि मागे वळून बघितलं तर मागचा उलव्याला कोपऱ्याला पाठ लावून स्वतःच ढाल धरून उभा. आणि त्या ढालीच्या आड कोण आहे, विन्या? तुला वाटतं, तू देवीचा शब्द राखतोयस. नीट बघ. आड सुजित आहे. बाबा तुझ्यासमोर आहेत, ढालीच्या बाहेरच्या बाजूला, जिथे वार पडतात तिथे. तू वाईट पोरगा नाहीस. तू तोंड चुकीकडे करून उभा आहेस.

मग मी जे केलं ते आईलासुद्धा नंतर सांगितलं. मी सगुणाकाकीकडे गेले. दयारामकाका गेल्यापासून ती आपल्या दारावरून जाताना पदर तोंडावर ओढून घेते. आता ती तुळशीरामकडेच बोंबील वाळवायला जाते, दुसरं करणार काय. भर दुपारी ती काठ्यांपाशी एकटी होती. मला बघितलं आणि सुरू झाली. माझ्या बापाला, मला, तुला, आपल्या होडीला, न जन्मलेल्या पोरांना, कुणालाही सोडलं नाही. मी सगळी उत्तरं तोंडपाठ करून गेले होते. दिवा लागलेला होता, बाबांनी काकांना भावासारखं वागवलं, सगळं. त्यातलं एकही बोलले नाही. मला एकदम वाटलं, या बाईसमोर कसली ढाल धरायची? तिचे वार लागायलाच हवेत कुणाला तरी. मी खाली बसले, टोपलीतले बोंबील घेतले आणि एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडात अडकवून जोड्या करून काठीवर टाकू लागले. ती शिव्या देत होती, मी जोड्या लावत होते. मग तिच्या शिव्या थांबल्या आणि तीही लावू लागली. टोपली रिकामी होईपर्यंत आम्ही दोघी जोड्या लावत राहिलो.

टोपली उपडी करून ती त्यावर बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “माझा दादला रातांधला व्हता. दिवा पेटल्याबिगर त्यानं जाल्याला कधी हात लावला न्हाय. ह्ये मला ठाव हाय, नि तुझ्या बापाला.” विन्या, मला हे माहीत नव्हतं. तुला होतं का? रातांधळ्या खलाशाला कोण कामावर घेतो? बाबांनी घेतला, आणि त्याच्यासाठी ते वाड्यातल्या सगळ्यांच्या आधी, अजून सूर्य पाण्यावर असताना, डोलकाठीचा दिवा लावायचे. लोक चिडवायचे, शिवदासची दिवाळी लवकर येते म्हणून. आपणही हसायचो. बाबांनी ना लोकांना सांगितलं ना आपल्याला, आणि पोलिसांनाही नाही, कारण काकांना तसा शब्द दिला होता. काकीही गप्प राहिली, कारण कळलं तर सगळे म्हणणार, आंधळाच होता, स्वतःच पडला. दोघांनी एका मेलेल्या माणसाची लाज राखली आणि त्यात जिवंत माणूस अडकला.

मी तिला काही मागितलं नाही. तिनेच विचारलं, तुझा भाव का बोलत न्हाय. मी नारळाचं सांगितलं. ती उठली, हात पाण्यात धुतले आणि मला चल म्हणाली. देवळात तुळशीराम होताच, शिमग्याच्या होळीचं ठरवायला चारजण जमले होते. ती सरळ आत गेली. तो म्हणाला, आत्ता काय काढलंस सगुणे, उद्या कामावर यायचंय ना. आढ्याला टांगलेला तो लाल फडक्यातला नारळ तिने काठीने खाली घेतला, छातीशी धरला आणि त्या सगळ्यांच्या तोंडावर म्हणाली, “माझ्या घरचा नारल. ज्याच्यासाठी बांदला तो माझा मानूस. मी उतरवते.” कुणी अडवलं नाही. अडवता येतच नाही, ज्या घरचा नारळ ते घर उतरवू शकतं, रीत तशीच आहे. गेल्या कित्येक वर्षांत कुणी उतरवलेला मात्र मी बघितला नव्हता. ओहोटी लागली होती. तिने गुडघाभर पाण्यात जाऊन तो सोडला, आणि तो दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघी उभ्या राहिलो. तुझ्यावर आता काही बांधलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिला काम नाही. आई तिला बाजारात आपल्या शेजारच्या मोकळ्या जागेत घेऊन बसते. कोर्टात येऊन दिव्याचं सांगायला ती तयार आहे, पण ती होडीवर नव्हती. रश्मी म्हणते, तिच्या शब्दाला जोर येईल तो तुझ्यामुळे.

आता हे पत्र आजच का लिहिते आहे ते. बाबा दवाखान्यातून घरी आले तेव्हा पहिल्यांदा ठामपणे सांगत होते, दिवा लागलेला होता. मग कुणीतरी त्यांना तुझ्या नारळाचं सांगितलं, आणि त्या दिवसापासून ते म्हणायला लागले, आठवत नाही. मला वाटलं, वयामुळे असेल, आजारपणामुळे असेल. परवा रश्मी आली तेव्हा तिने समजावलं, की येत्या सोमवारी आरोप वाचून दाखवतील आणि विचारतील, कबूल आहे का, तेव्हा स्पष्ट नाही म्हणायचं. बाबा म्हणाले, मी हो म्हणणार आहे. मी भांडले, रडले, काकीने नारळ उतरवला तेही सांगितलं. ते म्हणाले, “उतरला तरी सुजित त्याचा दोस्त हाय. दोस्ताच्या अंगावर बोलायची पाली माझ्या पोरावर नको.” आणि मला बजावलं, की विनेशला कळू देऊ नको, तो धावत येईल. विन्या, ते सगळं विसरलेत असं आपण समजत होतो आणि त्यांना सगळं आठवतंय. तुझ्यावर ओझं येऊ नये म्हणून ते न केलेला गुन्हा डोक्यावर घ्यायला निघालेत. माझं ऐकत नाहीत, रश्मीचं ऐकत नाहीत. ऐकले तर तुझंच ऐकतील, आणि तेही तू समोर येऊन, तुझ्या तोंडाने म्हणालास तर. एकटा येऊ नकोस, अजितला बरोबर घे, आणि मुरुडच्या स्टँडवर उतरू नकोस, मी अलीकडच्या फाट्यावर उभी राहीन. रविवारी संध्याकाळपर्यंत ये. सोमवारचा पांढरा सदरा बाबांनी स्वतः धुऊन दोरीवर घातलाय, आणि तुझं कुणी विचारलं की अजूनही सांगतात, माझा पोरगा कामाला गेलाय, त्याला यातलं काही माहीत नाही.

वाट बघणारी, तुझीच
विनिताताई